शुगरच्या तपासणीबरोबर स्मरणशक्तीचीही विचारपूस व्हावी: सांगली जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागास खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, सांगली,
तसेच जिल्ह्यातील सर्व तालुका आरोग्य अधिकारी, वैद्यकीय अधिकारी आणि समुदाय आरोग्य अधिकारी

विषय: असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीत स्मृतिभ्रंशाच्या प्राथमिक तपासणीचा समावेश करण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

तासगाव तालुक्यातील एका गावात मी जनरल प्रॅक्टिस करते. आपल्या उपकेंद्रांवर तिशीपुढील स्त्रीपुरुषांचा रक्तदाब आणि रक्तातील साखर तपासली जाते, आशाताई घरोघरी फिरून त्यासाठीचा तक्ता भरून आणतात, आणि हे काम ऊसतोडीच्या हंगामात, भर उन्हाळ्यात, कृष्णेला पूर आलेला असतानाही चालू राहते, हे मी जवळून पाहिले आहे. त्या कामाबद्दल मनात आदर आहे, म्हणूनच हे पत्र लिहीत आहे. माझी मागणी अशी की, ज्या टेबलावर माणसाची शुगर मोजली जाते त्याच टेबलावर साठी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या स्मरणशक्तीची आणि रोजच्या व्यवहारांचीही विचारपूस व्हावी, तिची नोंद राहावी, आणि शंका आल्यास रुग्णाला पुढे कोठे पाठवायचे हे आधीच ठरलेले असावे. मधुमेह, लठ्ठपणा, स्मृतिभ्रंश आणि कंपवात (पार्किन्सन) हे आजार आपण वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. पण या सर्वांत मेंदूतील दाहाचा (इन्फ्लमेशनचा), म्हणजे संरक्षक पेशी चेतल्याने होणाऱ्या प्रतिक्रियेचा, वाटा असल्याचे गेल्या तीस-चाळीस वर्षांच्या संशोधनातून पुढे आले आहे, आणि माझ्या मागणीचा आधार तोच आहे.

आपल्या गावांत एखादे सत्तरीचे आजोबा तेच ते पुन्हा विचारू लागले, स्वतःच्या रानाची वाट चुकू लागले किंवा डेअरीच्या बिलाचा हिशेब त्यांना लागेनासा झाला, की ‘म्हातारचळ लागला’ म्हणून घरचे तो विषय सोडून देतात. डॉक्टरांकडे ते येतात ते गुडघ्यासाठी किंवा शुगरच्या गोळ्या संपल्या म्हणून. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्याच वर्षी आयसीएमआर-इंडियाब या अभ्यासाने देशात १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख पूर्वमधुमेही असल्याचा अंदाज दिला. मधुमेह असलेल्या माणसाला पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका इतरांच्या साधारण दीडपट असतो. त्यामुळे आज आपल्या मधुमेहाच्या नोंदवहीत ज्यांची नावे आहेत, त्यांतीलच अनेकजण उद्याचे स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असणार आहेत, आणि ती नोंदवही आपल्या हातात आहे.

हे दोन आजार एकमेकांशी कसे जोडलेले आहेत, हे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण तपासणीचा एक रकाना वाढवा एवढेच सांगितले तर ते आणखी एक कागदी काम वाटेल. मेंदूत चेतापेशींखेरीज मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ साली त्यांचे स्वतंत्र अस्तित्व दाखवून दिले. गर्भावस्थेच्या अगदी सुरुवातीला त्या मेंदूत येऊन वसतात आणि पिकाच्या राखणदाराप्रमाणे आयुष्यभर भोवतालचा परिसर तपासत राहतात. जंतुसंसर्ग, इजा किंवा आल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड प्रथिनाची गुठळी आढळली, की त्या रूप पालटतात, नको असलेला ऐवज गिळतात आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१ बीटा यांसारखी दाहक द्रव्ये सोडतात. थोड्या काळापुरता हा प्रतिसाद हिताचाच असतो. पण कारण दूर झाले नाही, म्हणजे अमायलॉइड साचतच राहिले, रक्तातील साखर वर्षानुवर्षे चढी राहिली किंवा सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे अस्तर उच्च रक्तदाबाने झिजत गेले, तर हा प्रतिसाद थांबत नाही. मग तीच द्रव्ये चेतापेशींमधील जोडण्या तोडू लागतात, अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या आधारपेशीही त्यात ओढल्या जातात आणि मेलेल्या पेशींच्या अवशेषांमुळे दाह पुन्हा भडकतो.

आलॉइस आल्झायमर यांनी १९०६ साली आपल्या रुग्ण स्त्रीच्या मेंदूतील बदलांचे वर्णन केले, तेव्हापासून बराच काळ हा दाह आजाराचा परिणाम मानला गेला. १९८० च्या दशकात कॅनडातील पॅट्रिक आणि एडिथ मॅकगीर या दांपत्याने कंपवात आणि आल्झायमर या दोन्ही आजारांत मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या मेंदूंत चेतलेले मायक्रोग्लिया दाखवून त्या समजुतीला धक्का दिला. २०१३ साली ट्रेम-२ या जनुकाबद्दलचे निष्कर्ष आले. हे जनुक मेंदूत मुख्यतः मायक्रोग्लियांमध्येच काम करते, आणि त्यातील एका दुर्मीळ बदलामुळे आल्झायमरचा धोका दोन ते तीन पटींनी वाढतो. राखण करणाऱ्या पेशीतल्या दोषानेच जर आजाराची शक्यता वाढत असेल, तर दाहाला निव्वळ परिणाम म्हणता येत नाही.

कंपवाताबाबतची एक हकीकत मला फार महत्त्वाची वाटते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात काही तरुणांनी एमपीटीपी हे रसायन मिसळले गेलेला अमली पदार्थ टोचून घेतला आणि थोड्याच दिवसांत त्यांना कंपवातासारखी लक्षणे सुरू झाली. पुढे त्यांच्यासारख्याच तिघांच्या मेंदूंची मृत्यूनंतर तपासणी झाली. तिचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. विष शरीरात जाऊन ३ ते १६ वर्षे लोटली होती, तरीही मेंदूच्या कंपवातात झिजणाऱ्या भागात मायक्रोग्लिया चेतलेलेच होते. एकदा सुरू झालेला दाह मूळ कारण गेल्यावरही चालू राहू शकतो, ही गोष्ट द्राक्षबागांच्या आपल्या तालुक्यांनी गांभीर्याने घ्यावी. रोटेनोन हे कीडनाशक आणि पॅराक्वाट हे तणनाशक यांचा कंपवाताशी असलेला संबंध प्राण्यांवरील प्रयोगांत आणि शेतकऱ्यांच्या पाहण्यांत दिसला आहे. युरोपीय संघात २००७ पासून पॅराक्वाटच्या वापराला परवानगी नाही. आपल्याकडे मात्र फवारणी करणारा मजूर तोंडाला उपरणे बांधून, उघड्या हातांनी औषध कालवताना आजही दिसतो.

आता चयापचयाची बाजू. चरबीच्या पेशींतून टीएनएफ-अल्फा स्रवते आणि इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते, हे १९९३ साली उंदरांमध्ये दाखवले गेले. तेव्हापासून लठ्ठपणा आणि टाइप २ मधुमेह यांच्याकडे मंद, दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाचे आजार म्हणून पाहिले जाऊ लागले. हा दाह पोटाच्या चरबीपुरता मर्यादित राहत नाही. भूक, तृप्ती आणि ऊर्जेचा खर्च यांचे नियंत्रण करणारा हायपोथॅलॅमस हा मेंदूचा भागही त्यात सापडतो. २००५ साली ब्राझीलमधील संशोधकांनी जास्त स्निग्ध आहार दिलेल्या उंदरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये दाह दाखवला, आणि २०१२ साली अमेरिकेतील संशोधकांना तो आहार सुरू केल्यापासून एक ते तीन दिवसांतच, वजन वाढण्याच्याही आधी, दिसून आला. लठ्ठ माणसांच्या एमआरआय चित्रांतही त्या भागात इजेच्या खुणा आढळल्या. लेप्टिन आणि इन्सुलिन या संप्रेरकांचा ‘पोट भरले’ हा निरोप अशा मेंदूत नीट पोहोचत नाही. ‘तोंडावर ताबा नाही’ असे म्हणून आपण दवाखान्यात ज्या रुग्णाला बोल लावतो, त्याच्या मेंदूतील नियंत्रणच बिघडलेले असू शकते. निदान आपण आरोग्यसेवकांनी तरी हे लक्षात ठेवून बोलावे, अशी माझी विनंती आहे.

पुढे हीच दाहक द्रव्ये स्मृतीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागातही इन्सुलिनचे कार्य बिघडवतात. चढ्या साखरेने रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा सच्छिद्र होतो आणि रक्तातील नको ते घटक आत शिरतात. मधुमेह आणि स्मृतिभ्रंश यांच्यातले नाते या मार्गांनी आकाराला येते.

मग दाह कमी करणारी औषधे द्यावीत, असा विचार कोणाच्याही मनात येईल, आणि शास्त्रज्ञांनीही तो केला. संधिवातासाठी वर्षानुवर्षे वेदनाशामके घेणाऱ्यांत आल्झायमर कमी दिसतो, या निरीक्षणावरून मोठ्या आशेने चाचण्या झाल्या. नॅप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब यांची प्रतिबंधासाठी घेतलेली चाचणी हृदयविकाराच्या धोक्याच्या काळजीमुळे २००४ साली थांबवावी लागली आणि पुढील पाठपुराव्यातही संरक्षण दिसले नाही. प्रेडनिसोन या स्टेरॉइडचा उपयोग झाला नाही. मायनोसायक्लिन या प्रतिजैविकाने सौम्य आल्झायमरमध्ये फरक पडला नाही आणि एएलएस या स्नायू निकामी करणाऱ्या चेतारोगात तर रुग्ण अधिक वेगाने खालावले. ट्रेम-२ ला उत्तेजन देणाऱ्या प्रतिपिंडाची चाचणीही २०२४ साली अपयशी ठरली. मधुमेह आणि वजनासाठी वापरल्या जाणाऱ्या जीएलपी-१ गटातील औषधांकडून मोठी अपेक्षा होती, कारण ती दाहही कमी करतात. त्यांपैकी लिक्सिसेनाटाइडने २०२४ साली कंपवाताच्या एका मध्यम आकाराच्या चाचणीत थोडा फायदा दाखवला, परंतु एक्सेनाटाइडची मोठी चाचणी २०२५ साली निष्फळ ठरली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सेमाग्लुटाइडने सुरुवातीच्या आल्झायमरचा वेग मंदावत नसल्याचे जाहीर झाले.

या अपयशांचा अर्थ दाहाची कल्पनाच चुकीची होती, असा मी लावत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस या, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच चेतातंतूंच्या आवरणावर हल्ला करते अशा आजारात प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधे १९९३ पासून वापरात आहेत आणि आज त्या रुग्णांचे आयुष्य त्यांनी खरोखर बदलले आहे. आल्झायमरमध्ये मात्र दाह एकाच वेळी रक्षणही करतो आणि नासधूसही करतो. तो सरसकट दाबला तर साफसफाईही थांबते. शिवाय लक्षणे दिसेपर्यंत मेंदूतील बदल सुरू होऊन दहा-वीस वर्षे उलटलेली असतात. माझ्या मते उशीर हेच या चाचण्यांच्या अपयशाचे सर्वांत मोठे कारण आहे. २०२३ साली अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेले लेकानेमॅब हे अमायलॉइड हटवणारे औषधही अठरा महिन्यांत ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्के मंदावते, तेही आजाराच्या प्रारंभीच्या टप्प्यातच, आणि त्याने मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार एमआरआय करावा लागतो. जत किंवा आटपाडीतल्या रुग्णासाठी ही वाट सध्या खुली नाही.

सांगलीत राहून हळदीबद्दल न बोलणे योग्य होणार नाही. आपल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हरिपूरच्या पेवांपासून मार्केट यार्डापर्यंत कितीतरी कुटुंबे तिच्यावर जगतात, आणि मलाही तिचा अभिमान आहे. हळदीतील कर्क्युमिन हे द्रव्य प्रयोगशाळेत दाह कमी करते हे खरे आहे, पण पोटातून ते रक्तात फारच थोडे उतरते. आल्झायमरच्या रुग्णांवर २४ आठवडे झालेल्या चाचणीत त्याचा उपयोग दिसला नव्हता. स्मृतिभ्रंश नसलेल्या अवघ्या ४० जणांच्या एका अभ्यासात, अधिक शोषले जाणारे कर्क्युमिन देऊन, थोडी सुधारणा आढळली, पण असा अनुकूल पुरावा फारच तोकडा आहे. आमटीतली हळद तशीच राहू द्यावी. परंतु मोबाइलवरची चित्रफीत पाहून महागड्या कॅप्सूल घेणारा आणि त्यासाठी बीपीची गोळी बंद करणारा रुग्ण दिसला, तर त्याला थांबवण्याचे काम आपल्या आरोग्यसेविकांनी ठामपणे करायला हवे.

आता ज्यासाठी हे सारे लिहिले, त्या मुद्द्याकडे येते. उपाय लवकर हवेत, आणि लवकरचे उपाय महाविद्यालयीन रुग्णालयापेक्षा उपकेंद्रावर अधिक आहेत. चीनमध्ये ३२६ खेड्यांत, अनियंत्रित रक्तदाब असलेल्या चाळिशीपुढील सुमारे ३४,००० लोकांवर एक अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्या खेड्यांत गावपातळीवरच्या आरोग्यसेवकांनी ठरलेल्या पद्धतीने औषधे देऊन रक्तदाब काटेकोर नियंत्रणात ठेवला. चार वर्षांनी तेथे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण इतर खेड्यांच्या तुलनेत १५ टक्के कमी आढळले. २०२५ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष मी पुन्हा पुन्हा वाचला, कारण ते काम करणारी माणसे आणि ती गावे यांच्यात मला आपलीच उपकेंद्रे दिसली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली असे सांगितले की, मधुमेह, रक्तदाब, एलडीएल कोलेस्टेरॉल, धूम्रपान, लठ्ठपणा, व्यायामाचा अभाव, बहिरेपणा, कमी दृष्टी, एकाकीपणा आणि हवेचे प्रदूषण यांसारख्या चौदा घटकांवर आयुष्यभर काम केले, तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टाळता किंवा लांबवता येऊ शकतात. यांतील बहुतेक घटक दाहाला खतपाणी घालणारे आहेत, आणि निम्मे तरी आपल्या तपासणीत आधीपासूनच मोजले जातात.

स्मृतीची विचारपूस मधुमेहाच्या उपचारासाठीही तितकीच गरजेची आहे. विसरणारा रुग्ण ग्लिमेपिराइडची गोळी दोनदा घेतो, जेवायचे विसरतो आणि साखर एकदम खाली जाऊन बेशुद्ध होतो. अशा तीव्र घसरणीने मेंदूची आणखी हानी होते. अशा माणसाची साखर किती काटेकोर ठेवायची आणि कोणत्या गोळीने, हा निर्णय त्याची स्मृती ठाऊक असल्याशिवाय घेताच येत नाही. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेणाऱ्यांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि त्या कमतरतेनेही विसरभोळेपणा येतो. तो बहुतांशी भरून निघण्यासारखा असतो, पण तपासलेच नाही तर म्हातारपणाच्या नावावर खपून जातो. थायरॉइडचा बिघाड आणि नैराश्य यांचेही तसेच आहे.

आशाताईंच्या सध्याच्या तक्त्यात साठीपुढील व्यक्तीला, जवळच्यांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का, अशा आशयाचा प्रश्न आहे. तो असणे चांगलेच आहे, परंतु स्वतःच्या घराचा पत्ता विसरेपर्यंत आजार फार पुढे गेलेला असतो, आणि विसरणाऱ्याला स्वतःला आपण विसरतो हे बहुधा कळतच नाही. म्हणून प्रश्न घरच्यांना विचारले जावेत. अमेरिकेत २००५ साली तयार झालेली एडी-८ ही आठ प्रश्नांची पद्धत नेमकी हेच करते: गेल्या काही वर्षांत तेच ते बोलणे, पैशाच्या व्यवहारात गोंधळ, महिना किंवा वर्ष विसरणे, आवडीच्या गोष्टींतून मन उडणे असे बदल झाले आहेत का, हे जवळच्या माणसाला विचारायचे आणि दोन किंवा अधिक उत्तरे होकारार्थी आली तर पुढील तपासणी करायची. शाळेची पायरी न चढलेल्या आजीला घड्याळाचे चित्र काढायला लावून काही कळणार नाही, पण भिशीचे पैसे तिने दोनदा दिले की नाही, हे तिच्या सुनेला नक्की ठाऊक असते. हे प्रश्न आपल्या बोलीत, मोटर चालू-बंद करणे, सोसायटीचे हप्ते, वारीची तयारी अशा ओळखीच्या गोष्टी घालून तयार करावेत, आणि वापरण्यापूर्वी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञांकडून तपासून घ्यावेत.

शंका आलेल्या व्यक्तीची समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी त्याच भेटीत ऐकण्याची क्षमता पाहावी, चालू असलेल्या सर्व गोळ्या पिशवीसकट मागवून तपासाव्यात आणि ब-१२ व थायरॉइडच्या तपासणीसाठी रक्त पाठवावे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाने महिन्यातील एक ठरलेला दिवस प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात केवळ अशा रुग्णांसाठी राखून ठेवावा, म्हणजे शिराळ्याहून किंवा जतहून मिरजेपर्यंत हेलपाटे घालावे लागणार नाहीत. लघवीच्या किंवा छातीच्या संसर्गाने वृद्ध माणूस अचानक बरळू लागला तर तो वेडेपणा समजला जाऊ नये, अशी स्पष्ट सूचनाही उपकेंद्रांना जावी. शरीरातील दाह मेंदूपर्यंत पोहोचल्याची ती तातडीची खूण असते आणि अशा प्रत्येक झटक्यानंतर स्मृती आणखी खालावण्याची भीती असते. कृषी विभागाशी बोलून फवारणीच्या हंगामाआधी हातमोजे आणि मास्क मिळण्याची सोय व्हावी, आणि उसाचे पाचट न जाळता शेतातच कुजवण्याच्या मोहिमेत धुराचा मेंदूवर होणारा परिणामही सांगितला जावा.

यावर दोन आक्षेप येतील, याची मला जाणीव आहे. पहिला, आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे. तो खरा आहे, आणि म्हणून या कामाचा स्वतंत्र मोबदला ठरवूनच ते त्यांच्याकडे द्यावे. विनामोबदला आणखी एक कागद त्यांच्या पिशवीत घालण्यास माझा विरोध राहील. दुसरा, बरा होत नाही तो आजार शोधून काय करायचे. मधुमेह तरी कोठे बरा होतो? लवकर कळले तर गोळ्यांची जबाबदारी मुलगा किंवा सून घेते, सात-बारा आणि बँकेचे व्यवहार रुग्णाला समजत असतानाच मार्गी लागतात, रक्तदाब आणि साखर नीट ठेवून उरलेली वर्षे सावरता येतात, आणि रात्री घराबाहेर पडणाऱ्या सासऱ्यांवर ओरडणाऱ्या सुनेला हा हट्ट नसून आजार आहे, हे कळते.

सुरुवात साऱ्या जिल्ह्यात एकदम करावी, असा माझा आग्रह नाही. एका तालुक्यातील दोन-तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांत सहा महिने हा प्रयोग करून पाहावा. तासगाव तालुका निवडल्यास प्रशिक्षणासाठी, प्रश्नावली बोलीत उतरवण्यासाठी आणि संशयित रुग्ण तपासण्यासाठी आठवड्यातील एक दुपार विनामूल्य देण्याची माझी तयारी आहे, आणि माझ्या ओळखीच्या इतर खासगी डॉक्टरांनाही मी त्यासाठी विनंती करीन. आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली विश्वासू,
एक जनरल प्रॅक्टिशनर,
तासगाव तालुका, जिल्हा सांगली